चाळीस तिजोऱ्या

बाइंडरबाईंनी पुस्तक आधी वाचलं नाही, हुंगलं. मग पाठ दाबून पाहिली, मधोमध उघडून दोन्ही बाजूंना वाकवलं आणि शेवटी कानाजवळ नेऊन पानं फर्रकन सोडली. एका छापखान्याच्या बांधणीखात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी पुस्तक समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न लेखकाबद्दल नसायचा, डिंकाबद्दल असायचा.

"घाईत बांधलंय," त्या म्हणाल्या. "डिंक वाळायच्या आत कापलंय. हे बघ, कड कशी ओढली गेलीय."

"आई, ते सोडवायचं आहे, तपासायचं नाही," मुलगी म्हणाली.

मुलीचं वय सेहेचाळीस. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात ती मुख्य होती आणि तिच्या सहीशिवाय तिथून एक गोळी बाहेर पडत नसे. घरात मात्र तिचं नाव अजून बेबीच होतं.

मुखपृष्ठावर काळ्या कोटातला, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस होता. वर नाव, ‘हेरगिरीची कोडी : चाळीस तिजोऱ्या, भाग पहिला’, आणि खाली लाल अक्षरांत वचन: ‘रोज एक तिजोरी उघडा. एकेचाळिसाव्या दिवशी तुमच्यापासून कुणालाही काहीही लपवता येणार नाही!’

बाइंडरबाईंनी ते दोनदा वाचलं. एवढ्या गमजा मारणाऱ्या माणसाला त्यांनी उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं. पुस्तकाला घ्यावं लागलं, कारण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून आलं होतं.

झालं होतं असं की एका महिन्यात दोनदा दूध उतू जाऊन भांडं करपलं होतं, आणि एकदा बाई किल्ली बाहेरून दारालाच ठेवून बाजारात गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या घरात हे हसण्यावारी गेलं असतं. या घरात गेलं नाही. बाइंडरबाईंची आई शेवटची चार वर्षं त्याच घरात, खिडकीजवळच्या खाटेवर होती आणि रोज सकाळी स्वतःच्या लेकीला अदबीने विचारायची, "तुम्ही कुणाकडच्या?" तेव्हा बेबी शाळेत होती. तिने ते सगळं पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण मेंदूला काम द्या. रोज एक कोडं सोडवा, वहीत लिहा, चाळीस दिवसांनी वही दाखवा. मग पुढचं ठरवू.

पुढचं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या इमारतीतल्या शिवणवाल्या मावशींचं ‘पुढचं’ ठरलं होतं, आणि त्या आता शहराबाहेरच्या एका संस्थेत सहाजणींच्या खोलीत राहत होत्या. या दोन खोल्या, ही खिडकी, हे कपाट सोडून बाइंडरबाईंना कुठेही जायचं नव्हतं. त्यामुळे चाळीस तिजोऱ्या उघडणं भाग होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिलला टोक केलं आणि सवयीप्रमाणे पानांचे आकडे तपासले. एक ते एकशे चव्वेचाळीस, सगळे ओळीत. खात्यात पाऊल ठेवल्या दिवशीच मुकादमीण त्यांना म्हणाली होती, "मजकूर वाचायचा नाही, आकडे बघायचे. वाचत बसलीस की हात थांबतो." आकडे ओळीत म्हणजे पुस्तक बरोबर. बत्तीस वर्षांत या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

पहिलं कोडं तीन घड्याळं बाळगणाऱ्या हेराचं होतं. एक घड्याळ पुढे, एक मागे, एक बंद. त्यावरून तिजोरीचा चार अंकी आकडा काढायचा. सगळ्याच कोड्यांचं उत्तर असा एक चार अंकी आकडा होता आणि पुस्तकाच्या शेवटी चाळीस आकड्यांचा तक्ता दिला होता. बाइंडरबाईंनी अर्धा तास डोकं लावलं आणि लिहिलं, ५२७४. मोठ्या खुशीत तक्ता उघडला. तक्त्यात ३८१९.

त्यांनी पुन्हा सोडवलं. ५२७४. तिसऱ्यांदा चष्मा पुसून सोडवलं. ५२७४.

दुसऱ्या दिवशीचंही चुकलं. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी त्या खिडकीजवळच्या खाटेकडे बघायचं टाळू लागल्या.

आता ही बाई जन्माची संशयी. दूधवाल्यावर संशय, विजेच्या मीटरवर संशय, नवरा हयात होता तेव्हा त्याच्या पत्त्यांच्या क्लबावर संशय. पण आकडे ओळीत असलेल्या छापील पुस्तकावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पुस्तक बरोबर होतं, म्हणजे चुकत होत्या त्याच.

संध्याकाळी बेबी वही बघायला मागणार होती. बाइंडरबाईंनी खोडरबर घेतला, चारही उत्तरं खोडली आणि तक्त्यातले आकडे लिहिले. मग थोडा विचार करून चौथा मुद्दाम चुकीचा ठेवला. सगळीच बरोबर आली तर कुणालाही शंका येईल, एवढी अक्कल त्यांना त्या पुस्तकाशिवायही होती.

इथपर्यंत ठीक होतं. बेबीने वही घेतली, तक्त्याशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "अरे वा! तीन बरोबर आहेत, आई."

पण हे म्हणताना तिचा चेहरा पडला.

बाइंडरबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आई हुशार निघाली तर लेकीचा चेहरा फुलायला हवा. पडला कसा? त्यांनी पुढचे आठ दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. उत्तर बरोबर असलं की बेबीचा चेहरा पडायचा. चुकीचं ठेवलं की ती जरा सैल व्हायची, एकदा तर चक्क हसली. म्हणजे लेकीला आपण नापास झालेल्या हव्या आहोत, असं बाइंडरबाईंनी अनुमान काढलं, आणि ते काढताना त्यांना रडू आलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तक नव्याने उघडलं. कोड्यांच्या मधे मधे ‘सराव’ नावाची पानं होती, ती आतापर्यंत त्यांनी ओलांडली होती. सराव तीन: कपाटाच्या फटीत दोरा अडकवा, कोणी उघडलं तर पडेल. सराव सात: घरातल्या माणसाच्या जाण्यायेण्याच्या वेळा टिपा. सराव अकरा: खोडलेला मजकूर प्रकाशात तिरका धरून वाचा. शेवटचा सराव होता झडतीचा.

दोरा त्यांच्याकडे ढीगभर होता, बांधणीचा, मेण लावलेला. बेबीच्या खणाला लावलेला दोरा रोज पडायचा. म्हणजे ती रोज खण उघडत होती, आणि पूर्वी कधीच कुलूप नसलेल्या त्या खणाला आता कुलूपही होतं. फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची. कान टवकारून ऐकलं तर ‘डॉक्टर’ आणि ‘कधीपासून’ एवढंच कळायचं. बाइंडरबाईंनी सगळं एका जुन्या दिनदर्शिकेच्या मागे तारीखवार लिहून ठेवलं. कोडी सोडवण्यात त्यांना गोडी उरली नव्हती, तक्ता बघून आकडे उतरवले की झालं. पण सरावात मात्र त्या तरबेज होत होत्या.

तिसाव्या दिवशी बेबी म्हणाली, "आज जादा ड्यूटी आहे, उशीर होईल."

बाइंडरबाई तिच्यामागे पाच मिनिटांनी बाहेर पडल्या. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, दुकानांच्या काचांत बघत. बेबी रुग्णालयाच्या बसमध्ये चढली नाही. चौक ओलांडून ती सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. बाइंडरबाई समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकाच कागदाच्या अकरा प्रती काढत उभ्या राहिल्या. दुकानदाराला काय वाटलं असेल ते असो. वीस मिनिटांनी बेबी बाहेर आली ती रुमालाने डोळे टिपत.

‘टिपतेय कशाला,’ बाइंडरबाई मनात म्हणाल्या, ‘आईला घराबाहेर काढताना एवढं तर वाटणारच.’ आणि अकरा प्रती तिथेच विसरून त्या घरी आल्या. त्या विसरल्याचं जिन्यात लक्षात आलं तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली.

त्यानंतर घरात दोघी एकमेकींशी फार गोड बोलू लागल्या. चहा देऊ का, पंखा लावू का, तू बस मी करते. ज्या घरात मायलेकी इतक्या गोड बोलतात तिथे काहीतरी बिघडलंय हे शेंबडं पोरही सांगेल.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी बेबी आंघोळीला गेली आणि तिची पर्स खुर्चीवर राहिली. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. केस धुवायचा दिवस होता, म्हणजे हातात निदान वीस मिनिटं होती. बाइंडरबाईंनी शेवटचा सराव मनात घोकला: वस्तू ज्या क्रमाने काढाल, त्याच्या उलट क्रमाने परत ठेवा.

सगळ्यात वर एक चकचकीत पत्रक होतं. ‘ज्येष्ठांसाठी आपुलकीचं निवासस्थान.’ एका खोलीच्या चित्राभोवती पेनाने गोल केला होता आणि बेबीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आई, खिडकी हवी.’

बाइंडरबाई खाली बसल्या. इतके दिवस ज्याचा संशय होता ते हातात आलं, तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पोटच्या पोरीने खोली ठरवली होती, आणि वर खिडकीची काळजीही घेतली होती.

पत्रकाखाली एक पुस्तक होतं. काळा कोट, ओढलेली टोपी. तेच पुस्तक, दुसरी प्रत; रोज खणात कुलपात राहायचं ते हेच. आपल्यावर नजर ठेवायला घेतली असणार, असं म्हणत त्यांनी ती उघडली.

पहिल्याच कोड्याखाली बेबीच्या बारीक, औषधांच्या चिठ्ठ्यांवर असतं तशा अक्षरात उत्तर होतं. ५२७४. त्यावर लाल पेनाने फुली. दुसऱ्या कोड्यावर फुली. पान उलटावं तिथे फुली. दहाव्यापासून पुढे फुल्या इतक्या जोरात मारल्या होत्या की कागद फाटला होता. पंचविसाव्याखाली लिहिलं होतं, ‘आईला येतं. मला येत नाही. आजीला असंच सुरू झालं असेल का?’

बाइंडरबाईंनी आपली वही आणली आणि खिडकीपाशी प्रकाशात तिरकी धरली. सराव अकरा. त्या पेन्सिल दाबून लिहीत, त्यामुळे खोडलेल्या आकड्यांचे वळ कागदावर राहिले होते. ५२७४. दुसरं, ६०३१. बेबीच्या पुस्तकातही ६०३१. तिसरं तेच, चौथंही तेच.

दोन बायकांनी दोन खोल्यांत बसून तेच उत्तर काढलं होतं, आणि तक्ता दोघींनाही खोटं पाडत होता. बाइंडरबाईंनी तक्त्याचं पान उघडलं. मग बेबीच्याच प्रतीचं मुखपृष्ठ धरलं आणि एका झटक्यात पाठीपासून सोलून काढलं.

पुस्तक मोठ्या कागदाच्या घड्या घालून बांधतात. एका घडीत सोळा पानं, तिला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत पुस्तकाचं आखूड नाव आणि फर्म्याचा आकडा छापलेला असतो. बांधणी झाली की तो डिंकाखाली जातो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. बाइंडरबाईंनी नखाने डिंक खरवडला. ‘तिजोऱ्या १’ आणि फर्मा एक. तसाच दोन, तसाच तीन, आठव्यापर्यंत सगळे तसेच. नववा, उत्तरांचा फर्मा: ‘तिजोऱ्या २’.

कुणीतरी जुळणीच्या टेबलावर शेवटचा गठ्ठा दुसऱ्या भागाचा मांडला होता. पानांचे आकडे दोन्ही भागांत तेच, म्हणून ओळ कुठे तुटली नाही, आणि मजकूर न वाचणाऱ्या कुण्या शहाण्या बाईने ते पुस्तक बरोबर म्हणून पुढे ढकललं होतं. त्या टेबलावर आपण असतो तर आपणही ढकललं असतं, हे बाइंडरबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना एकदम हसू फुटलं. डोकं ठिकाणावर होतं. दोघींचंही.

हसता हसताच त्यांना पर्सच्या तळाशी लिफाफा दिसला. तो चिकटवलेला नव्हता. रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र होतं, आजच्याच तारखेचं. ‘गेल्या महिनाभरात माझ्या आकलनावर माझा स्वतःचा विश्वास राहिलेला नाही. औषधांच्या मात्रा ठरवण्याच्या जागी मी राहणं रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचं आहे. कृपया माझा राजीनामा...’

हसू जागच्या जागी विरलं.

आत पाणी बंद झालं. बाइंडरबाईंच्या हातात अजून दोन मिनिटं होती, आणि त्या दोन मिनिटांत त्यांच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. पुस्तक चुकीचं आहे असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न उघड होता. मग आई, तुझी उत्तरं बरोबर कशी आली? पितळ उघडं पडणार. लबाड बाई म्हणून डॉक्टरांसमोर उभं राहावं लागणार. आणि जी बाई स्वतःच्या वहीत खोडाखोड करते तिला एकटीला घरात ठेवायचं का, हाही विचार कुणीतरी करणारच. सगळं उलट क्रमाने परत ठेवलं तर? लिफाफा, पुस्तक, पत्रक. पण पुस्तकाची तर पाठच सोलली होती, आणि ते बरंच झालं.

न्हाणीघराचं दार उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली बेबी दारातच थांबली.

"माझ्या पर्सला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकाने," बाइंडरबाई म्हणाल्या.

"आणि फाडलंस कशाला ते?"

"फाडलं नाही, सोललं. बस इथे. हे बघ." त्यांनी नववा फर्मा तिच्यापुढे धरला आणि नखाने ती मुंगीएवढी अक्षरं दाखवली. "हे दुसऱ्या भागाचं आहे. उत्तरं दुसऱ्याच पुस्तकाची आहेत, बेबी. तुझी बरोबर होती. सगळी."

बेबीने फर्मा घेतला. ती अक्षरं तिने स्वतः वाचून पाहिली. मग ती बोलली, आणि बाइंडरबाईंना माहीत होतं तेच बोलली.

"उत्तरंच चुकीची आहेत, तर तुझी बरोबर कशी येत होती?"

"खोडून लिहिली."

"काय?"

"तक्त्यातली उतरवली. पहिल्या कोड्यापासून. माझंही ५२७४च आलं होतं." त्यांनी वही तिरकी धरून वळ दाखवले. "मला वाटलं माझं संपलं. तू मला तिकडे पाठवशील. म्हणून लबाडी केली."

"आई!" बेबीचा आवाज फाटला. "आजीचं आठवलं म्हणून मीही एक प्रत आणली, रोज रात्री तुझी वही बघायचे आणि मला वाटायचं, सत्तरीतल्या बाईला येतंय आणि मला येत नाही! मी डॉक्टरांकडे जाऊन रडले. आज हे पत्र देणार होते मी, आज! एक महिना मी गोळ्या तीन तीनदा मोजतेय, कोणाचा जीव जाईल म्हणून. आणि तू खोडरबर घेऊन बसली होतीस?"

"हो."

"एकदा बोलायचं होतंस ना गं!"

"तू बोललीस?"

बेबीने टॉवेल सोडला आणि त्यातच तोंड घालून ती रडू लागली. बाइंडरबाईंनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. त्या माफी मागायच्या फंदात कधी पडत नसत, नवऱ्याचीही कधी मागितली नव्हती. आज म्हणाल्या, "चुकलं माझं."

थोड्या वेळाने त्यांनी पत्रक पुढे सरकवलं. "हे माझ्यासाठीच ना?"

"माझंच डोकं गेलं असतं तर तुझं कोणी केलं असतं?" बेबी नाक ओढत म्हणाली. "खिडकीवाली एकच खोली शिल्लक होती."

म्हणजे संशय खराच होता. फक्त तो ज्या कारणासाठी घेतला होता ते साफ खोटं होतं. बाइंडरबाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की त्यांनी उठून चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या, गॅसजवळून न हलता.

"डॉक्टरांना सांगावं लागेल," बेबी म्हणाली.

"सांगेन. खोडलेली वहीच दाखवेन."

"आणि दूध? किल्ली?"

"दूध विसरले ते विसरलेच. झेरॉक्सच्या प्रतीही विसरले. ते काही फर्म्यामुळे चुकलं नव्हतं." बाइंडरबाईंनी चहा गाळला. "काय असेल ते कळेल. पण खरं ते कळू दे."

बेबीने रुग्णालयात फोन करून तासभर उशीर होईल असं कळवलं. मग तिने बिनपाठीचं पुस्तक उचललं आणि छत्तिसावी तिजोरी काढली. पाच हेर, पाच बाकं, एक छत्री. आता तक्त्याचा उपयोग नव्हता, तपासायला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. बाइंडरबाईंनी वही घेतली. बेबीला जवळ कोरा कागद सापडला तो राजीनाम्याचाच, तिने तो उलटा करून मांडीवर धरला.

पंधरा मिनिटं नुसता पेन्सिलींचा आवाज.

"झालं?"

"झालं."

दोघी वळल्या आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. ८१४६. ८१४६.

बेबीने आकडे पाहिले, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा आकडे पाहिले. तिचे डोळे बारीक झाले.

"माझं बघून नाही ना लिहिलंस?"

बाइंडरबाईंनी वही उचलून पान प्रकाशात तिरकं धरलं, लेकीच्या डोळ्यांसमोर, आणि ती खोडल्याचे वळ शोधत असताना तिला हवा तेवढा वेळ दिला.